शेण आणि काडीकचऱ्याचं कंपोस्ट: ढीग कसा लावायचा आणि तो नेमका कुठे बिघडतो

उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे. उकिरड्यावर रोजचं शेण रोज पडतं आणि वर्षभर पडत राहतं. मे महिन्यात उपसायला घेतला की वर गोवरीसारखं वाळलेलं शेण, मध्ये वास मारणारा हिरवट चिखल आणि तळाशी जशीच्या तशी पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) निघते. हेच ‘शेणखत’ म्हणून रानात जातं. त्यासोबत तणाचं बी जातं, मुळं खाणारी हुमणी अळी जाते, आणि पेरणीनंतर पीक पिवळं का पडलं याचं कोडं उरतं. अर्धवट कुजलेली काडी जमिनीत कुजत राहते आणि त्यासाठी लागणारा नत्र पिकाच्या तोंडचा घेते.

कंपोस्टचा ढीग एका बैठकीत लागतो, ठरल्या वेळी पालटला जातो आणि तीन-साडेतीन महिन्यांत संपतो. खाली दिलेली मापं सोयाबीन-कापूस पट्ट्यातल्या दोन-तीन जनावरांच्या शेतकऱ्यासाठी आहेत. काडी दुसरी असेल तर काय बदलायचं तेही पुढे आहे.

## आधी हिशेब, मग फावडं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून यावर जरा थांबू.

कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असं मिश्रण मानवतं. ताज्या शेणात हे प्रमाण २० ते २५ असतं, सोयाबीनच्या कुटारात (मळणीनंतर उरलेल्या भुशात) ४० ते ६०, गव्हाच्या भुसकटात ८० ते १००, आणि उसाच्या पाचटात १०० च्याही पुढे. यावरून ‘शेण वाढवलं की काम होतं’ असं वाटतं. पण ताज्या शेणात ८० टक्के पाणीच असतं. १०० किलो शेण टाकलं तर घन पदार्थ जेमतेम २० किलो आणि नत्र साधारण साडेतीनशे ग्रॅम पडतो. ५०० किलो कुटारासाठी शेण ६०० किलोंवरून १००० किलोंवर नेलं, तरी कर्ब-नत्राचं प्रमाण फारसं हलत नाही. ढीग मात्र चिखल होतो.

नत्राची खरी शिदोरी असते मुतात आणि हिरव्या पाल्यात. बहुतेक गोठ्यांत मूत मोरीवाटे वाहून जातं आणि बांधावरची गिरिपुष्प तशीच उभी राहते.

एका ढिगाचं माप असं:

- सोयाबीनचं कुटार: ५०० किलो (यातलं सुमारे १०० किलो आधी गोठ्यात अंथरून मुताने भिजवलेलं)
- ताजं शेण: ६०० किलो
- हिरवा पाला (गिरिपुष्प, सुबाभूळ, फुलावर न आलेलं तण): २०० किलो
- शेतातली माती: ७ ते ८ घमेली
- जुनं कुजलेलं खत: २० ते २५ किलो, विरजण म्हणून
- सिंगल सुपर फॉस्फेट: ५ ते १० किलो, घातलं तर चांगलं
- पाणी: १५० ते २५० लिटर

एवढ्यातून शेवटी ६०० ते ७०० किलो खत हाती येतं. ‘निम्मं कुठे गेलं’ असं विचारू नका. कर्ब हवेत जातो, पाण्याची वाफ होते, ते व्हायलाच हवं.

हिरवा पाला नसेल तर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. सेंद्रिय प्रमाणीकरणात असाल तर युरिया चालत नाही. त्याऐवजी ४५ किलो एरंडीची पेंड थरांत विभागून टाका. ही पेंड जनावरांना विषारी असते, त्यामुळे पोतं गोठ्यापासून लांब आणि बांधून ठेवा.

गव्हाचं भुसकट असेल तर हिरवा पाला घालूनही वर ४ किलो युरिया लागतो. पाचटाला टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक हे नेहमीचं माप आहे.

पऱ्हाटी आणि तुराट्या (तुरीची वाळकी खोडं) एकूण काडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. त्यातलं लाकूड तीन महिन्यांत कुजत नाही.

> हे ढिगात टाकू नका: लव्हाळ्याच्या गाठी, हरळीच्या मुळ्या, बी धरलेलं गाजर गवत, मर लागलेली तूर किंवा हरभऱ्याची झाडं, नायलॉनची दोरी, गुटख्याच्या पुड्या, चुना. चुन्याने शेणातला नत्र अमोनिया होऊन उडतो. चुलीची राखही याच कारणाने ताज्या ढिगात नको. तयार खतात मिसळली तर चालते.

## टप्पा १: वेळ आणि जागा

तारीख मृगापासून उलटी मोजा. ढीग कुजायला ९० ते ११० दिवस लागतात, त्यानंतर रानात पसरायला आठवडा. म्हणजे सोयाबीनच्या कुटाराचा ढीग नोव्हेंबरमध्ये आणि पऱ्हाटीचा ढीग उपटणी झाल्या झाल्या, जास्तीत जास्त १५ फेब्रुवारीपर्यंत लागला पाहिजे. त्यानंतरचा ढीग पेरणीला कच्चा सापडतो.

जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि ट्रॉली ढिगापर्यंत पोचेल अशी हवी. विहीर किंवा बोअर निदान ५० फूट लांब असावी आणि ढिगाचा निचरा तिच्याकडे वाहणारा नसावा. झाडाची सावली हवी, पण बुंध्याला खेटून ढीग लावला की मुळं वर चढून खत खातात.

जमीन धुम्मसाने ठोकून घट्ट करा. आखणी १० फूट लांब आणि ६ फूट रुंद. ढीग लांबीला कितीही वाढवता येतो, रुंदी मात्र ६ फुटांपुढे नेऊ नका, नाहीतर मधोमध हवा पोचत नाही. शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडा. पालटताना ढीग तिकडे सरकतो. ही जागा न सोडल्यामुळेच बरेच ढीग कधी पालटले जात नाहीत.

## टप्पा २: शेण आणि मूत साठवणं

दोन बैल आणि एक गाय मिळून दिवसाला ३०-३५ किलो शेण देतात. ६०० किलोंना अडीच-तीन आठवडे लागतील. या काळात शेण उघड्यावर पसरलेलं राहिलं तर त्यातला नत्र उडून जातो. सावलीत एकाच ठिकाणी दाबून ठेवा आणि वर ओलं पोतं किंवा भुसकट टाका.

याच दिवसांत रोज संध्याकाळी प्रत्येक जनावराखाली २ किलो कुटार अंथरा. सकाळी ते ओलं कुटार उचलून शेणाच्या साठ्यात दाबा. फरशीचा गोठा असेल तर मोरीच्या तोंडाशी ड्रम पुरून मूत धरता येतं, पण कुटाराला ना ड्रम लागतो ना पाइप.

## टप्पा ३: काडी बारीक करणं आणि भिजवणं

सोयाबीनचं कुटार मळणीयंत्रातून बारीकच येतं. पऱ्हाटी, तुराट्या, कडबा यांचे कुट्टी यंत्रातून किंवा श्रेडरमधून २ ते ३ इंचांचे तुकडे करा. यापेक्षा बारीक भुगा झाला तर तो दबून बसतो आणि हवा अडवतो.

> पऱ्हाटीसाठी इशारा: न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसलेली असते. ‘सवडीने करू’ म्हणून पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की पुढच्या हंगामाची अळी आपणच सांभाळतो. उपटल्यावर लगेच कुट्टी करा आणि ती ढिगाच्या मध्यभागी, गरम भागात जाईल असं पाहा.

आता भिजवणं. हा भाग जवळजवळ सगळे गाळतात. कोरडं कुटार थरात टाकून वरून पाइप मारला तर पाणी त्यावरून घरंगळून तळाला जातं आणि काडी आतून कोरडीच राहते. ढीग लावायच्या आदल्या दिवशी कुटार जमिनीवर पसरा, झारीने पाणी मारा, दाताळ्याने वरखाली करा, पुन्हा मारा आणि रात्रभर झाकून ठेवा. पाचट आणि गव्हाचं भुसकट मेणचट असतं, त्यांना दोन दिवस द्या.

एकूण पाण्यातलं तीन चतुर्थांश इथेच वापरलं जातं. थर लावताना शेणकाल्यापुरतंच (शेण कालवण्यापुरतंच) पाणी उरावं.

मूठ चाचणी: भिजलेलं कुटार मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीत ओल चमकावी, एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. मूठ उघडल्यावर काडी सुटी होऊन पडली तर पाणी कमी आहे.

## टप्पा ४: थर लावणं

काम एका दिवसात संपवा. रोज एक थर लावला तर खालचा थर तापून निवतो, वरचा थंडच राहतो, आणि ढिगाला एकसंध उष्णता कधीच येत नाही.

१. तळाला अख्ख्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या-उभ्या टाकून ६ ते ८ इंचांचा ‘बिछाना’ करा. हवा खालून शिरते ती इथून. हा थर कुजायचा नाही. पुढच्या ढिगाला तोच वापरा.

२. त्यावर भिजवलेलं कुटार, सुमारे ६ इंच, न तुडवता.

३. त्यावर शेण. गोळ्यांनी फेकू नका. निम्मं शेण पाण्यात कालवून शेणकाला करा आणि शिंपडा, उरलेलं हाताने कुस्करून पसरा. शेणाचा गोळा महिनाभर आतून हिरवा राहतो.

४. त्यावर हिरवा पाला बोटभर जाडीचा. जास्त जाड थर दाबला गेला की सडून वास मारतो.

५. एक घमेलं माती भुरभुरवा, सोबत विरजणाचं जुनं खत आणि सुपर फॉस्फेटचा त्या थराचा वाटा. सुपर फॉस्फेट अमोनिया उडू देत नाही, मातीही थोडाफार धरते.

असे ७ ते ८ थर झाले की उंची साडेचार फुटांच्या आसपास येईल. ३ फुटांपेक्षा बुटका ढीग तापत नाही. ५ फुटांवर गेला तर स्वतःच्या वजनाने दबतो. बाजूंना किंचित उतार आणि माथा गोलसर ठेवा.

थर लावताना मध्ये दोन बांबू उभे रोवून ठेवा आणि शेवटी हलवून काढून घ्या. हवेची भोकं तयार मिळतात.

जिवाणू संवर्धकाबद्दल दोन शब्द. पाकिटातल्या संवर्धकाने फायदा होतो, विशेषतः पाचटासारख्या चिवट काडीला. पण पाणी आणि हवा चुकलेली असेल तर कुठलीच बाटली ढीग वाचवत नाही. वापरायचं असेल तर शेणकाल्यात मिसळा. युरियाच्या बादलीत नको.

## टप्पा ५: झाकणं

ढिगावर ३-४ इंच कोरडं कुटार किंवा जुनी पोती टाका. उन्हाळ्यात वर पाचटाचा जाड थर द्या. अवकाळीचं आभाळ आलं तर ताडपत्री टाका, पण बाजू मोकळ्या सोडा आणि पाऊस ओसरला की काढा.

> दोन पद्धतींची खिचडी करू नका. शेणमातीचं लिंपण हे नाडेप टाक्यातलं काम आहे. तिथे १० × ६ × ३ फुटांच्या विटांच्या टाक्याच्या भिंतींना भोकं असतात, माती सुमारे १७५० किलो जाते, शेण फक्त १०० किलोंच्या आसपास लागतं, आणि ते पालटायचं नसतं. भोकं नसलेला साधा ढीग लिंपून बंद केला तर तो आतून गुदमरतो.

## टप्पा ६: पहिला आठवडा, फक्त तपासणी

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तापायला लागतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जातो. तपासायला लोखंडी पहार तिरपी घालून मध्यापर्यंत न्या, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून टोकाला हळूच बोट लावा. चटका बसून बोट लगेच मागे आलं तर ढीग बरोबर चाललाय. नुसती कोमट लागली तर खालीलपैकी काहीतरी झालंय:

- कोमट आणि आत कोरडं: पाणी कमी. नुसतं माथ्यावर ओतू नका, पहारीने भोकं पाडून त्यांतून सोडा.
- कोमट, आत चिकट, नासल्याचा वास: पाणी जास्त, हवा कमी. पंधरा दिवसांची वाट न पाहता लगेच पालटा आणि कोरडी काडी मिसळा.
- ओल बरोबर, वास नाही, तरी थंड: नत्र कमी. दोन किलो युरिया ५० लिटर पाण्यात, किंवा मूत असेल तर तेच पाणी घालून सोडा.
- डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा वास: नत्र जास्त. तो उडून चाललाय. कोरडं कुटार आणि मातीचा थर द्या.
- आत राखेसारखी पांढरट भुकटी: बुरशीसारख्या जिवाणूंची ती खूण वाईट नाही, पण हाताला कोरडी लागली तर ढीग उष्णतेने वाळतोय. पाणी हवं.

७० अंशांच्या वर गेलेला ढीगही चांगला नाही, उपयोगी जिवाणूच मरतात. पहारीला हात लावताच येईना आणि माथ्यातून वाफांचे लोट येत असतील तर लवकर पालटा.

## टप्पा ७: पालटणं

पहिली पलटी १२ ते १५ दिवसांनी, दुसरी तिसाव्या दिवशी, तिसरी पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास.

पालटणं म्हणजे ढीग नुसता शेजारी ढकलणं नव्हे. ५५ अंशांवर निदान तीन दिवस राहिलं की बहुतेक तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतात, पण ही उष्णता फक्त आतल्या भागात असते. बाहेरचं फूटभर कवच थंड राहतं, आणि तण उगवतं ते त्या कवचातल्या बियांपासून. म्हणून आधी वरचं आणि बाजूंचं कवच काढून वेगळं ठेवा. आतला माल नव्या जागी तळाला आणि बाजूंना लावा आणि कवच मधोमध घाला. गोळे फोडत चला.

प्रत्येक पलटीत मूठ चाचणी करून हवं तेवढं पाणी शिंपडा. मार्च-एप्रिलमध्ये एका पलटीला १०० लिटर सहज लागतात. दर पलटीनंतर ढीग पुन्हा तापायला हवा, आधीपेक्षा थोडा कमी.

नाका-तोंडाला फडकं बांधा. बुरशी धरलेल्या भुसकटाची धूळ छातीला बाधते.

अळ्या दिसल्या तर: इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट जागेवर ठेवा. पाठीवर पडून सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची, कुजकं खाणारी. पोटावर पायांनी चालायला पाहत असेल तर संशय धरा आणि वेचून काढा. नीट तापलेल्या ढिगाच्या मध्यात दोन्ही टिकत नाहीत. त्या सापडतात थंड कडेला आणि वर्षभर पडून राहिलेल्या शेणात. वाळवी दिसली तर तो कोरडेपणा आहे, औषध नको, पाणी द्या.

## टप्पा ८: मुरवण

तिसऱ्या पलटीनंतर ढीग तापायचं थांबतो. इथे घाई होते: काळं दिसतंय, चला उचला. अजून ३० ते ४५ दिवस जाऊ द्या. ओल थोडी कमी ठेवा. तापलेल्या काळात जे जिवाणू-बुरशा मागे पडलेल्या असतात त्या आता काम करतात, आणि काडीतला चिवट भाग याच वेळी सुटतो. या दिवसांत ऊन आणि पाऊस दोन्हींपासून ढीग जपा. पावसात उघडा पडला तर पालाश पाण्याबरोबर खाली जातं.

## टप्पा ९: तयार झालं का?

नुसत्या रंगावर जाऊ नका, ओलं कच्चं शेणही काळं दिसतं. तीन गोष्टी पाहा:

१. उष्णता: ढीग पालटून ओला केल्यावर तीन दिवसांतही तापला नाही पाहिजे.

२. वास: दोन मुठी ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार. आंबट किंवा अमोनियाचा आला तर अजून पंधरा दिवस.

३. उगवण: निम्मं खत, निम्मी माती घेऊन त्यात मुगाचे १० दाणे लावा. शेजारी नुसत्या मातीत १० लावा. खतातली रोपं कमी निघाली किंवा पिवळी, आखूड मुळांची निघाली तर खत कच्चं आहे.

पऱ्हाटीचे थोडे तुकडे उरतीलच. जाळीने चाळून पुढच्या ढिगात टाका, विरजणाचं काम करतात.

## टप्पा १०: रानात टाकणं

कोरडवाहू पिकाला हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन, हे रूढ माप. या एका ढिगात एकराचा तिसरा हिस्सा भागतो. उरलेल्या रानात मूठ-मूठ शिंपडण्यापेक्षा एका तुकड्याला पूर्ण माप द्या आणि तुकडा दरवर्षी बदला. हळद, भाजीपाला, फळझाडं असतील तर सरीत किंवा आळ्यात द्या. थोडं खत तिथे जास्त कामाला येतं.

नत्राचा हिशेबही लक्षात असू द्या. चांगल्या ढिगात शेवटी साधारण ६ किलो नत्र उरतो, म्हणजे तेरा-एक किलो युरियाएवढा, आणि तोही एका हंगामात सगळा सुटत नाही. पहिल्याच वर्षी रासायनिक खत पूर्ण बंद केलं तर उत्पादन बसतं आणि दोष कंपोस्टला लागतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करा.

शेवटची चूक सगळ्या शिवारात दिसते. एप्रिलमध्ये ट्रॉलीने खत नेऊन रानात ढिगुळ्या मांडायच्या आणि पेरणीपर्यंत तशाच उन्हात ठेवायच्या. खत वाळून कोळसा होतं, नत्र उडतो, आणि ढिगुळीच्या जागी पीक माजतं तर मधल्या जागेत पिवळं पडतं. खत न्यायचं ते कुळवाच्या शेवटच्या पाळीच्या दिवशी, शक्यतो दुपार टळल्यावर. पसरा आणि त्याच संध्याकाळी कुळवाने मातीआड करा. तेवढे बैल किंवा ट्रॅक्टर त्या दिवशी मिळणार नसतील, तर खत ढिगातच झाकून राहू द्या.